खरी आत्या: एका तान्ह्या बाळाचा न उतरणारा ताप

पार्श्वभूमी

सांगलीत माझं वीस खाटांचं मुलांचं हॉस्पिटल आहे. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तिथे दाखल झालेल्या साडेतीन महिन्यांच्या एका मुलाचं हे प्रकरण. घरच्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. आजाराचा क्रम आणि माझ्या चुका तशाच ठेवल्यात.

कुटुंब खानापूर-आटपाडी पट्ट्यातलं. बाळाचे वडील गलाईवाले. या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. हे तमिळनाडूत भट्टी चालवतात आणि दिवाळीला, जत्रेला गावी येतात. घरी आजी, बाळाची आई, धाकटा काका आणि थोडी द्राक्षबाग. बाळाला घेऊन हे तिघं आले, तेव्हा बागेची छाटणी चालू होती. काकाच्या बोटांवर पेस्टिंगचा, म्हणजे छाटलेल्या काड्यांना लावायच्या औषधाचा, रंग तसाच होता.

ताप सहा दिवसांचा. दोन औषधं होऊन गेलेली. बाळ फिकट, किरकिरं, पोट टम्म. हात लावला तर लिव्हर चार बोटं खाली आणि डाव्या बाजूला पाणथरी तीन बोटं. हिमोग्लोबिन ८.१, पांढऱ्या पेशी ३,४००, प्लेटलेट ६२,०००.

आमच्याकडे पावसाळा सरताना असं बाळ आलं की डोक्यात ठरलेली रांग उभी राहते: डेंग्यू, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप), मलेरिया, आणि वय लहान म्हणून रक्तातला जंतुसंसर्ग. मीही त्याच रांगेने गेले.

पहिले चार दिवस

डेंग्यू नाही, मलेरिया नाही, स्क्रब टायफस नाही. तरी स्क्रबसाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू केलं, कारण सुरुवातीच्या दिवसांत ती तपासणी चकवते. जंतुसंसर्गासाठी आधी एक अँटिबायोटिक, तिसऱ्या दिवशी वरच्या पायरीचं. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, अठ्ठेचाळीस तासांनी कोरं आलं. ताप रोज दोनदा १०३ ला शिवून यायचा.

चौथ्या दिवशी मला एक आकडा बरा वाटला. दाखल करताना ईएसआर (शरीरातल्या सुजेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ४८ होता, तो ९ वर आला. मी बाळाच्या आईला म्हटलंसुद्धा, ‘सूज उतरतेय, बरं का.’ रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, संपत आलं तरीही ईएसआर असाच खाली येतो, हे मी एमडीच्या परीक्षेत लिहिलेलं आहे. त्या सकाळी आठवलं नाही. ताप चढता, प्लेटलेट घसरत्या आणि ईएसआर मात्र सुधारलेला: ही तीन टोकं एकत्र बसत नाहीत, एवढं जरी खटकलं असतं तरी पुरे होतं.

दुसरी गोष्ट कानावरून गेली. बाळाची आई सासूला ‘आत्या’ म्हणत होती. ‘आत्या, जरा धरा याला’, ‘आत्या, दुधाचं बघा’. पण आमच्या भागात निम्म्या सुना सासूला आत्याच म्हणतात, नातं असो नसो. मी पंचवीस वर्षं हा शब्द ऐकतेय. केसपेपरवर ‘नात्यात लग्न’ हा रकाना आहे. तो रिकामा होता.

पिशवीतला कागद

पाचव्या दिवशी वडील पोचले, रात्रभर प्रवास करून. हातात कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद. मला वाटलं या बाळाचेच. म्हणाले, ‘मॅडम, हे थोरलीचं हाय. तिला बी असंच झालं हुतं.’

थोरली म्हणजे या बाळाआधीची मुलगी. चार महिन्यांची असताना गेली, तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरातल्या हॉस्पिटलात. कागदावर निदान ‘सेप्सिस’. खालचे आकडे मी उभ्यानेच वाचले: ताप अकरा दिवस, लिव्हर-पाणथरी वाढलेली, प्लेटलेट १८,०००, सगळी कल्चर कोरी.

आजी दारात होती. मी विचारलं, ‘ही सून तुमच्या नात्यातली का?’

‘नात्यातली म्हंजी? माझ्या सख्ख्या भावाची ल्येक की ती.’

म्हणजे आत्या खरी आत्या होती. मामाची मुलगी केलेली. एका घरात दोन बाळं, एकाच वयात, एकाच तऱ्हेने आजारी, जंतू कुठेच नाही. १९५२ साली एडिनबरोत फार्कर आणि क्लेरो या दोन डॉक्टरांनी जे पहिल्यांदा लिहून ठेवलं तेही असंच, एकाच घरातल्या भावंडांबद्दल. पुढे त्या आजाराला हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस असं लांबलचक नाव पडलं. आम्ही एचएलएच म्हणतो.

दुपारपर्यंत तीन तपासण्या आल्या. फेरिटिन १४,२००. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३९०. फायब्रिनोजेन ८८. फेरिटिन आपल्याकडे लोहाची कमतरता बघायला सांगतात, म्हणून ती तापाच्या बाळात कुणी मागत नाही. सांगलीत कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये ती त्याच दिवशी होते. एचएलएचच्या निदानासाठी आठ निकष आहेत, त्यातले पाच लागतात. ताप, पाणथरी, घटलेल्या रक्तपेशी, फेरिटिन, आणि चरबी-फायब्रिनोजेनची जोडी: पाच तिथेच भरले.

छिद्र पडतं कसं, आणि न पडलं तर

संध्याकाळी घरच्यांना बसवून समजावलं. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत.

शत्रूच्या अंगाला भोक पाडून मारायची दोन मोठी हत्यारं आपल्या शरीरात आहेत. एक रक्तात मोकळं फिरतं. कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी. तिच्यावरच्या कामासाठी बेल्जियमच्या ज्यूल बोर्दे यांना १९१९ चं नोबेल मिळालं. साखळीतलं शेवटचं प्रथिन सी९. त्याचे अठरापर्यंत रेणू कडं करून जंतूच्या पटलात रुततात आणि साधारण दहा नॅनोमीटरचं भोक पडतं. ज्यांच्यात या शेवटच्या कड्या नसतात त्यांना मेनिंगोकॉकसचा मेंदूज्वर पुन्हा पुन्हा होऊ शकतो.

दुसरं हत्यार परफोरिन. हे मोकळं फिरत नाही. किलर टी-पेशी आणि एनके पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशी, त्यांच्या आत बारक्या पुटकुळ्यांत भरून ठेवलेलं असतं. सी९ आणि परफोरिन एकाच घराण्यातली. रुतणारा भाग दोघांचा एकाच घडणीचा. गंमत म्हणजे न्यूमोकॉकस हा जंतू आपल्या पेशींना भोकं पाडायला जे विष सोडतो, त्याचीही घडी तशीच निघाली. चोराची आणि पोलिसाची किल्ली एकाच लोहाराची.

विषाणू शिरलेली पेशी सापडली की किलर पेशी तिला चिकटते. दोघींच्या मध्ये एक बंदिस्त फट तयार होते. पुटकुळ्या त्या फटीत रिकाम्या होतात. परफोरिनचे रेणू बाहेरच्या कॅल्शियमच्या मदतीने समोरच्या पेशीच्या पटलावर बसतात, एकमेकांना खेटून कमान धरतात, कमानीचं कडं होतं. मग प्रत्येक रेणू आपली गुंडाळलेली टोकं उलगडून पटलातून आरपार घालतो. वीसेक रेणूंचं कडं आणि दहा-वीस नॅनोमीटरचं भोक. रक्ताची एक तांबडी पेशी याच्या काही शे पट रुंद असते. समोरची पेशी हे भोक मिनिट-दीड मिनिटात बुजवतेही. पण तेवढ्यात ग्रॅन्झाइम नावाची प्रथिनं आत शिरलेली असतात, आणि ती पेशीला आतून आत्महत्या करायला लावतात. म्हणजे भोक मारत नाही, भोक वाट करून देतं.

वडील लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, ‘मग ज्या पेशीत ते भरल्यालं असतंय, तिलाच का भोक पडत न्हाई?’

एमबीबीएसच्या मुलांना शिकवताना हा प्रश्न मला फार थोड्यांनी विचारलाय. पुटकुळीच्या आत आंबट असतं, म्हटलं. आम्लात परफोरिनला कॅल्शियम धरता येत नाही, म्हणून ते निपचित पडून राहतं. बाहेर सुटलं की जागं होतं.

‘म्हंजी तेजाबात ठिवलंय म्हणा की,’ ते म्हणाले. आयुष्य तेजाबाच्या वाफेत काढलेला माणूस. त्यांना ते चटकन पटलं.

(सुटलेलं परफोरिन उलटून किलर पेशीलाच का लागत नाही, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तिच्या पटलातली चरबी इतकी घट्ट बसवलेली असते की कडं रुतत नाही, आणि बाहेरच्या अंगाला असा एक स्निग्ध घटक असतो की परफोरिन त्याला चिकटून वाया जातं.)

आता या बाळाचं. त्याच्या किलर पेशी शत्रूला ओळखतात, पकडतात, पण भोक पडत नाही. समोरची पेशी मरत नाही म्हणून पकड सुटत नाही. प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा अशी पकड नेहमीच्या पाचपट वेळ टिकली. आणि पकड आहे तोवर किलर पेशी मदतीसाठी ओरडत राहते. तिची आरोळी म्हणजे इंटरफेरॉन गॅमा. ती ऐकून मॅक्रोफेज या खादाड पेशी चवताळतात आणि बोनमॅरोतल्या, पाणथरीतल्या आपल्याच रक्तपेशी खायला लागतात. ताप, फुगलेलं पोट, घसरलेल्या प्लेटलेट, चढलेलं फेरिटिन, सगळं त्या गोंधळाचं. मारेकरी बोथट असला की लढाई हरत नाही, ती संपतच नाही.

आजीने हे एका वाक्यात बसवलं: ‘चोर धरलाय, पर काठी न्हाई. नुसताच कालवा.’

हे सगळं त्या संध्याकाळी शंका होती, पुरावा नव्हता. घराण्यातून येणाऱ्या एचएलएचमागे अनेक जनुकं असू शकतात. परफोरिनचं जनुक त्यातलं पहिलं सापडलेलं, १९९९ साली.

समोरचे पर्याय

प्लेटलेट २२,००० होत्या. हातात वेळ कमी होता आणि चार रस्ते दिसत होते.

अँटिबायोटिक चालू ठेवून आणखी कल्चरची वाट बघायची, हा पहिला. सगळ्यात सोपा, कारण त्यात नवीन काही करायचं नव्हतं. थोरलीच्या कागदावर हाच रस्ता अकरा दिवस चाललेला दिसत होता.

दुसरा, लगेच स्टेरॉइड देणं. ताप बहुतेक उतरला असता. पण ल्युकेमियातही असंच चित्र दिसू शकतं. बोनमॅरो न बघता स्टेरॉइड दिलं तर तो झाकला जातो. शिवाय स्टेरॉइडनंतर घेतलेल्या नमुन्यात किलर पेशींचं काम बघणं अवघड होतं. म्हणजे बाळाला बरं वाटलं असतं आणि निदान कायमचं हुकलं असतं.

तिसरा, आहे तसं पुण्याला पाठवणं. सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, पेठ नाका-कराड-सातारा-खंबाटकी. त्या प्लेटलेटवर आणि त्या फायब्रिनोजेनवर डोक्यात रक्तस्राव झाला तर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये काहीच करता आलं नसतं. आणि पुण्यात पोचून पुन्हा सगळ्या तपासण्यांच्या रांगेत दीड-दोन दिवस.

चौथा, रात्रीतून इथेच सगळे नमुने घ्यायचे, पहिला डोस द्यायचा, आणि बाळ प्रवासाला टिकेल असं झालं की पाठवायचं.

पुण्यातल्या मुलांच्या रक्तविकारतज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, ‘चौथा. पण क्रम चुकवू नका.’ तो क्रम मी केसपेपरच्या मागे लिहून काढला. आधी रक्ताचे नमुने, मग प्लेटलेट आणि प्लाझ्मा, मग बोनमॅरो, मग मणक्यातलं पाणी, आणि शेवटी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड.

काय केलं

मणक्यातल्या पाण्यावर घर अडलं. ‘पाणी काढलं की पोर लुळं हुतंय’ ही समजूत गावागावांत आहे, आणि ती अगदीच हवेतून आलेली नाही. मेंदूज्वराची मुलं त्याच सुमारास दगावताना किंवा अधू होताना लोकांनी पाहिलेली असतात. मी तपासणीचे फायदे सांगत बसले, त्याने काही हललं नाही. हललं ते बाळाच्या आईमुळे. पाच दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली: ‘थोरलीचं न्हवतं काढलं. ऱ्हायली का ती?’ आजीने पदर तोंडाला लावला. सही झाली.

परफोरिनची तपासणी मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या रक्तविकार संस्थेत होते. ताजं रक्त हवं, चोवीस तासांच्या आसपास पोचायला हवं आणि बर्फात ठेवायचं नाही. कुरिअरवाला बर्फाचा डबा सोडून दुसरं काही ऐकेना. काका म्हणाला, मी जातो. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री सांगलीहून सुटते, सकाळी मुंबई. बाळाची, आईची, वडिलांची अशा तीन नळ्या कापसात गुंडाळून त्याच्या आतल्या खिशात दिल्या.

चौथी नळी माझी होती. प्रवासात नमुना खराब झाला तरी परफोरिन कमी दिसू शकतं. म्हणून त्याच गाडीतून, त्याच खिशातून एका निरोगी माणसाचं रक्त जावं लागतं. काकाने हात पुढे केला होता, पण नात्यातलं रक्त चालणार नव्हतं. वॉर्डात बिननात्याची आणि मोकळी अशी त्या क्षणी मीच होते.

बोनमॅरोत ल्युकेमिया नव्हता. तांबड्या पेशी गिळून बसलेल्या मॅक्रोफेज पाच-सहा दिसल्या. मणक्यातल्या पाण्यात पेशी थोड्या वाढलेल्या, म्हणजे गोंधळ मेंदूच्या उंबऱ्यापर्यंत आलेला. रात्री अडीच वाजता डेक्सामेथासोनचा पहिला डोस गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप ९९.

तिसऱ्या दिवशी प्लेटलेट ५१,००० झाल्यावर बाळ पुण्याला गेलं. तिथे इटोपोसाइड सुरू झालं. हे कॅन्सरचं औषध. ‘आमच्या पोराला कॅन्सर न्हाई म्हणालासा, मग?’ हा फोन मला रात्री अकराला आला. चवताळलेल्या पेशींची संख्या कमी करायला तेच औषध लागतं, हे मी पाठवायच्या आधीच सांगायला हवं होतं.

परिणाम

मुंबईचा रिपोर्ट चार दिवसांनी आला. फ्लो सायटोमेट्रीत पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. परफोरिनला चिकटणारा चमकता रंग आधी पेशीच्या आत घालावा लागतो, आणि त्यासाठी पेशीपटलाला भोकं पाडावी लागतात. ती पाडायला अनेकदा सॅपोनिन वापरतात. आपल्या रिठ्यात जे असतं त्याच जातीचं द्रव्य. भोक पाडणारं प्रथिन आहे का हे बघायला आधी रिठ्याने भोक पाडायचं, हे मला तेव्हापासून फार आवडतं.

रिपोर्टवर चार आलेख होते. माझा उंचवटा ठसठशीत. आई-वडिलांचे थोडे बसके. बाळाचा नव्हताच, कोऱ्या नमुन्याइतका सपाट. पुढे जनुक तपासणीत परफोरिनच्या दोन्ही प्रतींवर एकच बदल सापडला. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. दोघांना स्वतःला काही त्रास नाही, कारण दुसरी प्रत चांगली आहे. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. या घरात दोनदा तीच ओढली गेली.

वडिलांनी विचारलं, ‘किती पोरं वाचत्यात?’ ही उपचारपद्धत १९९४ साली ठरली, त्याआधी जवळपास कुणी वाचत नसे. तिच्यातली पाच वर्षांनी हयात असलेली मुलं ५४ टक्के. मी आकडा तसाच सांगितला. ते म्हणाले, ‘निम्म्याच्या वर हाय की.’

औषधं फक्त गोंधळ शमवतात. भोक पाडणाऱ्या पेशी हव्या असतील तर बोनमॅरो बदलावा लागतो. सख्खं भावंड नव्हतं. वडिलांचा अर्धा जुळणारा बोनमॅरो वापरायचं ठरलं. वाहक माणूस दाता म्हणून चालतो, एक चांगली प्रत पुरते. खर्च दोन आकडी लाखांत. मुख्यमंत्री सहायता निधीतून काही आले, दोन धर्मादाय संस्थांकडून काही, आणि मोठा वाटा गलाईवाल्यांनी गोळा केला, कुठून कुठून. ओळखदेख नसलेल्या गावांतून पाचशे-हजार येत होते.

सहाव्या आठवड्यात स्टेरॉइड कमी करताना आजार उलटला. ताप, फेरिटिन पुन्हा ८,००० वर. इंटरफेरॉन गॅमालाच अडवणारं औषध २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालंय, पण ते आमच्या आवाक्यात नव्हतं. स्टेरॉइड पुन्हा वाढवून, बाळाचा चेहरा चंद्रासारखा सुजलेला असताना, सातव्या महिन्यात प्रत्यारोपण झालं. नंतर सायटोमेगॅलो विषाणूने महिनाभर छळलं. अंगावर पुरळ आलं, गेलं.

आज मुलगा चार वर्षांचा आहे. चालायला उशीर झाला, वीस महिने लागले. त्याच्या रक्तात आता वडिलांच्या पेशी सुमारे ७० टक्के आहेत. २०-३० टक्क्यांच्या वर राहिल्या तरी हा आजार सहसा परतत नाही. प्रत्यारोपणानंतरच्या आलेखावर उंचवटा आला, बसका, वडिलांसारखा. त्यांनी त्याची झेरॉक्स मागून घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

चार दिवस गेले ते माझ्यामुळे. पहिल्या दिवशी दोन प्रश्न पुरले असते: याआधी मूल झालं होतं का, आणि ते आता कुठे आहे? ‘नात्यात लग्न झालंय का’ असं विचारलं की लोक ‘नाही’ म्हणतात, कारण मामाची मुलगी करणं हे त्यांच्या लेखी नात्यात लग्न नसतंच, ते रीतीचं लग्न असतं. आता मी विचारते, ‘सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोण लागत होत्या?’

फेरिटिन दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. पण याची दुसरी बाजूही त्याच हिवाळ्यात दिसली. सहा महिन्यांची एक मुलगी आली, फेरिटिन ६,०००, पाच निकष पूर्ण. माझं डोकं लगेच परफोरिनकडे धावलं. आमच्या सिस्टरांनी अंघोळ घालताना काखेत काळी खपली बघितली, किडा चावल्याची खूण. स्क्रब टायफस. योग्य अँटिबायोटिकवर ती आठवड्यात घरी गेली. तिच्याही शरीरात तोच गोंधळ होता, पण काठी होती. चोर मेल्यावर कालवा थांबला. पाच निकष भरले म्हणजे घराण्यातला आजार असं होत नाही. अंग उघडं करून बघावंच लागतं.

थोरलीच्या वेळी रक्ताचा एक थेंब जरी कागदावर सुकवून ठेवला असता तर हे बाळ जन्मायच्या आधी तपासता आलं असतं. कारण न कळता मूल दगावलं की तसा थेंब आम्ही आता ठेवतो. या आईला नंतर पुन्हा दिवस गेले, तेव्हा अकराव्या आठवड्यात वारेचा तुकडा तपासला. मुलगी झाली, वाहक आहे, ठणठणीत आहे.

एक चूक मात्र आजाराच्या बाहेरची. रिपोर्ट समजावायला मी सगळ्यांना एकत्र बसवलं होतं. आजी, आई-वडील, काका, आणि आईचे आई-वडीलही. काकाचं लग्न बाळाच्या आईच्या धाकट्या बहिणीशी ठरत आलंय, हे मला तिथेच कळलं. मी लगेच म्हटलं, दोघांनी तपासून घ्या, मुलीने आणि मुलानेही. खोली गप्प झाली. मुलीचे वडील उठून बाहेर गेले. लग्नाच्या मुलीच्या रक्तात दोष असल्याचं डॉक्टरांनी सहा माणसांत सांगितलं, असा त्याचा अर्थ गावात झाला. महिन्याभरात सोयरीक मोडली. मुलीने तपासणी केलीच नाही.

खरं तर एकट्या काकाला बाजूला घेऊन आधी त्याचंच रक्त तपासायचं होतं. तो वाहक नसता तर मुलगी वाहक असती तरी मुलांना धोका नव्हता. तिला विचारायचीही गरज पडली नसती. वर्षभराने तो आपणहून आला, तपासून घ्यायला. वाहक नव्हता.

आजी नातवाला घेऊन दर तीन महिन्यांनी येतात. काका गाडी लावून त्याला आत आणून सोडतो. आजी बाहेर बाकावर बसून राहतात, सिस्टरांनी बोलावलं तरी आत येत नाहीत.